सल्ला हवा : तांबड्या-पांढऱ्यावरची शृंगारिक लघुकादंबरी आळणी झालीय, कुठून दुरुस्त करावी?

मुद्राराक्षस (धागाकर्ता)

मंडळी, एका शृंगारिक लघुकादंबरीचं हस्तलिखित संपादनाला आलंय. साधारण २४,००० शब्द, १२ प्रकरणं, ई-पुस्तक म्हणून निघणार आहे. लेखकाच्या परवानगीनेच इथे मांडतोय, त्यामुळे नाव विचारू नका.

गोष्ट कोल्हापुरातली. मंगळवार पेठेत खानावळ चालवणारी पस्तिशीची बाई, घटस्फोट झालेला. तालमीतला तिशीचा पैलवान तिच्याकडे महिन्याचं जेवण लावतो. प्रत्येक प्रकरणात एक पदार्थ आणि एक प्रसंग. सांगायला झकास वाटतं, वाचायला घेतलं की चौथ्या प्रकरणात जांभई येते. आधी ज्यांना वाचायला दिली त्यांतल्या एकीचा शेरा असा : "भूकही लागली नाही आणि दुसरंही काही झालं नाही."

नमुना म्हणून चार जागा देतो.
प्रकरण ३ : श्रावणसरी कोसळतायत, दोघं वर्षाची चटणी कुटतायत, तो हातातलं मुसळ ठेवून तिच्या डोळ्यावरची बट हळुवार मागे सारतो.
प्रकरण ५ : पांढरा रस्सा झाकण ठेवून रटरटतोय, दोघं माळ्यावर जातात, तासाभराने खाली येऊन जेवतात.
प्रकरण ८ : गुऱ्हाळावरची रात्र, काहिलीतली ताजी काकवी तो तिच्या पाठीवर ओततो.
प्रकरण ११ : एकमेकांना मिसळ-पाव भरवतात.

भाषा अशी : "तिची कांती पांढऱ्या रश्श्यासारखी, ओठ लवंगी मिरचीसारखे आणि स्पर्श भाकरीसारखा मऊ होता."

तपशिलात काय चुकलंय, भाषेचं काय करायचं आणि काय उडवायचं, हे सांगा. "मजा नाही आली" एवढंच लिहायचं असेल तर ते आधीच कळलंय.

डंकावरची

प्रकरण ३ पासून सुरुवात करते, कारण तिथे नायिका आंधळी व्हायची बाकी राहिलीय.

पहिलं म्हणजे श्रावणात चटणी कुणी कुटत नाही. मिरची कडक वाळलेली लागते. हवा दमट असली की ती चिवट होते, कुटली जात नाही, आणि कुटलीच तर महिन्याभरात बुरशी येते. चटणीचा हंगाम मार्च ते मे. मिरच्या दोन-तीन दिवस उन्हात, मग देठं काढणं, मग थोड्या तेलात भाजणं. प्रमाण घरोघरी वेगळं, पण किलोभर मिरचीला पाव किलो खोबरं, पाव किलो धणे, पाव किलो लसूण, अर्धा किलो कांदा उभा चिरून वाळवून तळलेला, वर तीळ, खसखस आणि खडा मसाला, म्हणजे दगडफूल, नागकेशर, बाद्यान, जायपत्री, शहाजिरं वगैरे. बेडगी रंगाला, संकेश्वरी चवीला, लवंगी जाळाला. लवंगी किलोत शंभर ग्रॅमच्या वर गेली तर चटणी वर्षभर पुरते, कारण कुणी खात नाही.

दुसरं, घरात मुसळाने कुटणं आता क्वचित. माल डंकावर, म्हणजे यंत्राच्या कांडपावर नेतात. लेखकाला मुसळच हवं असेल तर किलोभर कुटून दाखवा, दहा किलो नको.

तिसरं आणि मुख्य. मिरचीचा जाळ कॅप्सेसिनमुळे होतो आणि ते पाण्यात विरघळत नाही. कुटणाऱ्याने पाण्याने हात धुतले तरी बोटं पुढे कित्येक तास पेटलेली राहतात. त्या बोटाने डोळ्यावरची बट सारली तर पुढचं वाक्य "ती शहारली" हे नसतं. ती किंचाळून नळाकडे पळते, आणि नळाच्या पाण्यानेही लगेच काही होत नाही. त्याच हातांनी प्रकरणाच्या शेवटी जे जे केलंय त्याबद्दल मी लिहीत नाही. ज्यांनी लवंगी चिरलीय त्यांनी ते वाचताना मांडी आवळून घेतली असेल.

हात उतरवायची पद्धत : आधी कोरड्या हातावर गोडेतेल चोळायचं, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांखाली दोन-तीन मिनिटं. मग बेसन किंवा साबण, मग पाणी. मग परत तेल. तीन वेळा.

आता हेच वाचा आणि सांगा, प्रसंग कुठे आहे? बट सारण्यात नाहीच. तिच्या डोळ्यावर बट आलीय, त्याला सारता येत नाही, तिलाही येत नाही, दोघांचे हात पेटलेत. मग ती त्याच्या हातावर तेल ओतते आणि एकेक बोट चोळून देते. तीन वेळा. याहून जास्त काय पाहिजे?

लवंगी_शंभर_ग्रॅम

ताई, नाद खुळा. मांडी आवळली.

आळणीपाणी

आधी शीर्षकाबद्दल तक्रार. आळणी म्हणजे सपक हा अर्थ पुण्याकडे ठेवा. इथे आळणी म्हणजे मटण शिजलेलं पाणी, ताटात सगळ्यात आधी येतं आणि पांढऱ्याचा सगळा जीव त्यात असतो.

आता प्रकरण ५. लेखकाने पांढरा रस्सा कधी केलेला नाही हे दोन शब्दांत कळतं : "झाकण" आणि "रटरटतोय".

क्रम असा. किलोभर मटण, आलं-लसूण आणि मीठ लावून, तेलावर किंवा तुपावर परतून, गरम पाणी घालून शिजायला ठेवायचं. पांढऱ्यासाठी आळणी काढायची असेल तर हळद चिमूटभर किंवा नाहीच, नाहीतर रस्सा पिवळट दिसतो. उघड्या पातेल्यात बोकडाला तास ते दीड तास लागतो. तांबड्याचं वाटण, म्हणजे भाजलेलं खोबरं, कांदा, तीळ, खसखस, कोथिंबीर, याला पहिली वीस-पंचवीस मिनिटं हात मोकळा नसतो. मग मधला अर्धा-पाऊण तास मटण आपलं आपण शिजतं. अधूनमधून पाणी बघायचं, बस. शेवटचा अर्धा तास परत धावपळ : आळणी वेगळी काढायची, तांबड्याला वाटण आणि चटणी परतून कट सुटू द्यायचा, मग पांढरा.

पांढऱ्याला तुपात मिरी, लवंग, दालचिनी, वेलदोडा, तमालपत्र. त्यावर तीळ-खसखस-काजूचं वाटण, करपू न देता. मग आळणी. ती उकळली की आच बारीक करून सगळ्यात शेवटी नारळाचं घट्ट दूध. इथून पुढे उकळी फुटू द्यायची नाही. ढवळत राहायचं, कडेला बुडबुडे दिसले की उतरवायचं. झाकण ठेवलं की आत उष्णता कोंडते, दूध फुटतं, वर तेल आणि खाली कणी. फुटलेला रस्सा गाळून मिक्सरला फिरवला तर दिसायला बरा होतो, पण जिभेला कळतोच.

म्हणजे मुद्राराक्षस, माळ्यावर जायला जागा आहे ती मधल्या पाऊण तासाची. लेखकाने तिला शेवटच्या दहा मिनिटांत पाठवलंय, जेव्हा ती पळी सोडूच शकत नाही. ही चूक दोन तऱ्हांनी दुरुस्त होते. एक, प्रसंग मधल्या वेळात घ्या आणि खालून मटणाचा वास बदलत जाऊ द्या. आधी कच्च्या आल्या-लसणाचा, मग मसाल्याचा, मग चरबीचा. घड्याळ लिहायची गरज नाही, वासच वेळ सांगतो. दोन, ती पळी ढवळत उभी आहे आणि तो मागे उभा आहे. तिला वळता येत नाही. दहा मिनिटं. पैजेवर सांगतो, दुसरं जास्त चांगलं होईल.

आणि तिसरीही एक तऱ्हा आहे. ती वळते. रस्सा फुटतो. दुपारच्या पंगतीला वीस जण बसलेत, पहिली वाटी तोंडाला लागताच सगळे एकमेकांकडे बघतात. तिच्या हातचा पांढरा आजवर फुटलेला नाही. कुणी काही बोलत नाही आणि सगळ्यांना सगळं कळतं.

लाल_हौदा

पैलवानावर कुणीच बोलेना म्हणून.

लेखकाने पैलवान घेतला आणि त्याच्यातला सगळ्यात मोठा अडसरच वापरला नाही. लंगोटाचा पक्का. तालमीत राहणाऱ्या गड्यावर ब्रह्मचर्याचं बंधन असतं आणि वस्तादाची नजर. इथे नायक पहिल्याच प्रकरणात घसरतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला काहीच वाटत नाही. मग वाचकाला का वाटावं?

वेळापत्रकही चुकलंय. तालमीतला दिवस पहाटे चारच्या आसपास सुरू होतो आणि रात्री नऊला डोळे मिटतात. कादंबरीत तो चार वेळा मध्यरात्री खानावळीच्या मागच्या दाराने येतो. दुपार घ्या. दुपारची जेवणं उरकली, खानावळीचं अर्धं दार लोटलं, मेहनत संध्याकाळची. दोन ते चार हा तुमचा वेळ.

वास. नायकाला "चंदनाचा मंद सुगंध" येतो असं लिहिलंय. अरे, कुस्तीच्या हौद्याची माती तयार करताना तिच्यात ताक, हळद, लिंबू, तेल, काव, कापूर घालतात. निम्मं सामान तिच्याच फळीवरचं आहे! तो जवळ आला की तिला स्वतःच्या स्वयंपाकघराचा वास यायला पाहिजे, मातीत मुरलेला. हे सोडून चंदन कुठून आणलं?

आणि कान. ती त्याच्या "कानाच्या नाजूक पाळीशी" खेळते. डोक्याला डोकं घासून पैलवानाचा कान मोडलेला असतो, आतलं रक्त साकळून कडक झालेलं, फुलकोबीच्या गड्ड्यासारखा. त्या कानावर बोट फिरवणं नाजूकपेक्षा भारी आहे. कुठल्या मैदानात मोडला हे ती विचारू शकते.

खुराकाचंही बघा. बदाम, खसखस, बडीशेप, मिरी, वेलची घालून घोटलेली थंडाई. ती दगडी कुंडीत घोटायला अर्धा तास लागतो. "मिक्सरमधून काढून दिली" हे लिहून अख्खा प्रसंग वाया घालवलाय.

चुलवाण

प्रकरण ८ ताबडतोब थांबवा. तो खून आहे.

काकवी उतरवतात ती १०५-१०६ अंशांना. गूळ त्याच्याही पुढे, ११८ च्या आसपास. ६० अंशांच्या पाण्याने पाचेक सेकंदांत कातडी भाजते, आणि काकवी पाण्यासारखी वाहून जात नाही, चिकटून बसते आणि भाजत राहते. काहिलीतली ताजी काकवी पाठीवर ओतली तर पुढचं प्रकरण सीपीआरच्या, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्याच्या, बर्न वॉर्डात घ्यावं लागेल.

काकवी अंगाला सोसेल एवढी व्हायला उथळ परातीत काढून ठेवली तरी बराच वेळ जातो, घागरीत भरली तर रात्र. तो वेळच लिहा. बोट बुडवून बघायचं, अजून गरम. परत बघायचं. थंड झाल्यावर ती सरसरीत राहत नाही, दाट होते, तार धरते. आणि पाण्याशिवाय निघत नाही हेही लक्षात ठेवा, सकाळी केस आणि चोळी चिकटलेली असणार, मुंग्या तर येणारच.

बाकी गुऱ्हाळाचे तपशील : रस काहिलीत, खाली चुलवाणात वाळलेली चिपाडं. भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून मळी वर आणतात आणि झाऱ्याने काढतात. गुळव्या सोडून कुणी पाक ओळखत नाही. थेंब पाण्यात टाकून गोळी वळते का बघतो. मग काहील उचलून वाफ्यात ओतायची. रात्रपाळीला सहा-सात माणसं सहज असतात, त्यामुळे "निर्जन गुऱ्हाळ" हे काही खरं नाही. निर्जन असेल तर चूल विझलेली असणार. तेही चालेल : चूल विझलीय, पण चुलवाणाची भिंत पहाटेपर्यंत ऊबदार असते. माघातल्या थंडीत पाठ टेकायला तेवढं पुरे.

हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू, मार्च-एप्रिलपर्यंत. कादंबरीत हे श्रावणानंतर लगेच आलंय.

मुद्राराक्षस

बाप रे. चटणी श्रावणात नाही, गुऱ्हाळ श्रावणात नाही. मग या माणसाने श्रावणात काय घडवायचं?

आळणीपाणी

काहीच नाही! हाच तर मुद्दा. श्रावणात मटण बंद. प्रकरण ५ सुद्धा सोमवारी घडतंय, बघितलं का? "श्रावणी सोमवारची ती ओली दुपार" आणि चुलीवर बोकड. कोल्हापुरात असं लिहिलेलं पुस्तक लोक मटणासाठीच परत करतील, बाकीच्या गोष्टीला कोण हात लावणार नाही.

डंकावरची

मग कॅलेंडर सरळ लावा ना. माघात गुऱ्हाळ, ओळख होते. चैत्रात चटणी. आषाढात त्र्यंबोली देवीची यात्रा, तिला पंचगंगेचं नवं पाणी, घरोघरी मटण. आणि मग श्रावण.

लाल_हौदा

हे पैलवानालाही बरोबर बसतंय. जत्रांची मैदानं चैत्र-वैशाखात. म्हणजे चटणीच्या वेळी त्याचं बंधन सगळ्यात कडक, आणि हातही पेटलेले. आषाढात मैदानं संपलेली, वस्ताद जरा सैल. पहिल्या प्रकरणात घसरायचं ते आषाढापर्यंत लांबवा. वाचक थांबेल, काळजी नको.

खडीसाखर

भाषेवर येते.

मराठी शृंगाराची जुनी अडचण आहे. अवयवांची नावं घ्यायची तर एकीकडे संस्कृत, दुसरीकडे शिव्या. लेखक पहिल्या बाजूला पडलाय आणि "उन्नत", "नितंब", "मीलन" यांनी पानं भरलीत. खानावळवाली बाई असा विचार करत नाही. उपाय : नामं काढा, क्रियापदं ठेवा. स्वयंपाकाची क्रियापदं मराठीत आयतीच आहेत. मुरणं, उतू जाणं, चरचरणं, विरजणं, पाझरणं, वाफ दडपणं, आच लागणं. ती फक्त स्वयंपाकासाठीच वापरा. वाचकाचं डोकं बाकीचं करतं. "ती दुधासारखी उतू गेली" लिहिलंत की संपलं. दूध उतू जाऊ दे, आणि कुणी गॅस बंद करायला उठू नये.

याच न्यायाने शरीराला पदार्थाची उपमा एकही नको. "भाकरीसारखा मऊ स्पर्श" हे तर चूकच आहे, भाकरी तासाभरात वातड होते. भाकरी हातात असू दे.

दुसरं, नायिका "मी येते ना" म्हणते. मंगळवार पेठेतली बाई "मी येतो", "मी करतो" म्हणेल. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे दोघं पहिल्या पानापासून एकमेकांना तू म्हणतात. गिऱ्हाईक आणि मालकीण! कोल्हापुरीत हा फरक एका अक्षराचा आहे. "बसलाईसा" म्हणजे तुम्ही, "बसलाईस" म्हणजे तू. तो "सा" कधी गळतो हे पुस्तकातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य असायला हवं. नमुना देते, हवा तसा बदला :

"दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात. बट डोळ्यावर आली. तिनं फुंकर मारली, उडाली, परत तिथंच.
'बघत काय बसलाईसा? सारा की ती मागं.'
त्यानं सारली. बोट काढलं नाही.
तव्यावरच्या भाकरीचं पाणी वाळून गेलं, कडा सुटली, धूर आला.
'भाकरी जळाय लागलीया,' तो म्हणाला.
'मग उलथ की. बघत काय बसलाईस?'"

चटणीत बट सारता आली नव्हती, ती इथे सारली. पीठ असल्यामुळे तिचे हात अडकलेत, त्याचे मोकळे आहेत. भाकरी तव्यावर दोन-तीन मिनिटं असते, प्रसंगही तेवढाच.

परातभर

भाकरीवर जोड देतो. पाणी वरच्या बाजूला फिरवायचं ते भाकरी तव्यावर टाकल्या टाकल्या, आणि ते पुरतं वाळायच्या आत उलथायची. वाळल्यावर उलथली तर चिरते, फुगत नाही. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असेल तर थापतानाच कडा फाटतात, मग गरम पाण्याची उकड काढून मळावं लागतं. वरच्या नमुन्यातली भाकरी फुगणार नाही हे बरोबरच आहे. फक्त पुढच्या वाक्यात ती "टम्म फुगली" असं लेखकाने लिहू नये. लिहितात.

प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर पाककृती द्यावी असं माझं मत. वाचक निदान रस्सा तरी करेल.

खडीसाखर

अजिबात नको. पाककृती डोक्यावर दिली की पुढे काय होणार ते कळतं, शिवाय दोन चमचे आणि अडीचशे ग्रॅम वाचून जी हवा बनली असेल ती जाते. मापं हवीतच, पण तिच्या हाताची. चिमूट, मूठ, पसा, ओंजळ, भाताला पेरभर पाणी. मराठी स्वयंपाकघरातली निम्मी मापं शरीरातच आहेत! त्याला स्वयंपाक शिकवताना ती म्हणते "एक मूठ", आणि त्याच्या मुठीत तिच्या दोन मुठी मावतात. भाजी खारट होते. पुढच्या वेळी मीठ मोजायला ती त्याची मूठ स्वतः मिटवते. पाककृतीही झाली आणि प्रसंगही.

परातभर

मान्य. पण शेवटी परिशिष्टात तरी तांबडा-पांढरा द्या.

निर्जंतुक

दोन गोष्टी लेखकाला सांगा, लोक अशी पुस्तकं वाचून करून बघतात.

तेल, तूप, लोणी, खोबरेल लागलं की लेटेक्सचा निरोध काही मिनिटांतच कमकुवत होतो आणि फाटू शकतो. प्रकरण ६ मध्ये अंगाला लोणी चोळून लगेच "त्याने खबरदारी घेतली" असं वाक्य आहे. ती खबरदारी कामाची नाही. एकतर आधी सगळं धुऊन काढा किंवा लोणी भाकरीवर ठेवा. आणि काकवी, मध, साखरेचं काहीही योनीमार्गात जाऊ नये, यीस्टचा संसर्ग वाढू शकतो. मान, खांदा, पाठ इथे थांबा.

तिखटाने कामेच्छा वाढते असं दहाव्या प्रकरणात डॉक्टरांच्या तोंडी घातलंय, ते उडवा. तिखट खाल्ल्यावर घाम येतो, नाक गळतं, ओठ हुळहुळतात, छाती धडधडते. या खुणा दुसऱ्या कशाच्या तरी आहेत असं पात्रांना वाटू शकतं, ते लिहा. डॉक्टर नको. आणि ओठ पेटल्यावर पाण्याने विझत नाहीत, दुधाने-दह्याने विझतात. गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध मिळतं, कोमट आणि फेसाळ. चारचौघांत उभं राहून प्यायचं असतं, म्हणजे दोघांना बोलता येणार नाही, हेही तुमच्या कामाचं.

पानपूस

कायद्याचं थोडक्यात. १ जुलै २०२४ पासून अश्लील साहित्याची विक्री भारतीय न्याय संहितेच्या कलम २९४ खाली येते (आधी भा. दं. वि. २९२), त्यात इलेक्ट्रॉनिक रूपही आलं. ई-पुस्तक आहे म्हणून माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ सुद्धा. पण न्यायालय सुटं पान बघत नाही, पूर्ण कृती बघतं. मराठीतला दाखला आपल्याकडेच आहे : 'रंभा'च्या १९६२ च्या दिवाळी अंकातली चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा'. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये निर्दोष सुटका झाली. तेव्हा लेखकाने घाबरून "आणि मग दिवा मालवला" असं बारा वेळा लिहायची गरज नाही. एकदा पुरे. प्रौढांसाठी हा शेरा मुखपृष्ठावर आणि विक्रीच्या पानावर दोन्हीकडे टाका.

मुद्राराक्षस

दिवा खरोखरच बारा वेळा मालवलाय, मोजून आलो.

वाचायला काय द्यावं लेखकाला?

खडीसाखर

गाथासप्तशती, स. आ. जोगळेकरांनी संपादित केलेली. पहिल्या शतकातल्या, म्हणजे पहिल्या शंभरातल्या, लागोपाठच्या दोन गाथा दाखवा, दोन्ही स्वयंपाकघरातल्या. एकीत चुलीच्या काजळीचा हात गृहिणीच्या तोंडाला लागलाय आणि नवरा हसतो, आता तुझा चेहरा डागवाल्या चंद्राच्या अवस्थेला आला म्हणून. दुसरीत चूल पेटत नाही, नुसती धुमसते, आणि तिला सांगितलं जातं की रागावू नकोस, तुझ्या फुंकरीला पाटलाच्या फुलाचा वास आहे, अग्नी तोच पीत बसलाय, म्हणून पेटत नाही.

दोन ओळींची गाथा. काजळी, धूर, फुंकर. अवयव दोनच, हात आणि तोंड. आणि हे आपल्याच महाराष्ट्री प्राकृतात. लेखकाला सांगा, प्रत्येक प्रसंगात चुलीची एक अडचण शोध. चूल पेटत नाही, हात पेटलेत, दूध फुटतंय, काकवी गरम आहे. त्याच्या कादंबरीत सगळं पहिल्या फटक्यात शिजतं.

लवंगी_शंभर_ग्रॅम

प्रकरण ११ राहिलं. मिसळीबरोबर पाव?

आळणीपाणी

ते मी मुद्दाम सोडलं होतं, रक्तदाब आहे. स्लाइस ब्रेड. कटात बुडवला की दोन सेकंदांत लोळागोळा होतो, भरवेपर्यंत निम्मा हनुवटीवर. भरवायचाच असेल तर ते लिहा, पण सकाळी नऊला मिसळीच्या दुकानात कुणी कुणाला भरवत नाही, मागे लोक जागेसाठी उभे असतात.

मुद्राराक्षस

लेखकाशी बोलणं झालं. ठरलं ते सांगतो. १२ ची ७ प्रकरणं. माघ, चैत्र, आषाढ, श्रावण असा क्रम. मिसळ, लोणी आणि डॉक्टर गेले. चटणीत तेलाने हात धुणं, माळ्याऐवजी पळी ढवळत उभं राहणं, भाकरीवर "सा" गळणं. पांढरा आषाढातल्या यात्रेच्या दुपारी फुटतो, पंगतीसमोर. श्रावणात तो तालमीत, ती खानावळीत वरण-भात रांधतेय, दोघांची भेट नाही. शेवटचं प्रकरण काय असावं यावर लेखक अडलाय. श्रावण संपल्यावर परत पांढरा रस्सा करावा म्हणतोय, या वेळी न फुटलेला.

आळणीपाणी

चालेल. पण त्याला पळी द्या या वेळी. ती मागे उभी.

आणि नवा खर्डा वाचला, प्रकरण ५ मध्ये दुसऱ्या परिच्छेदात झाकण अजून आहे. काढा ते.